संघ हरला? कोचला काढा!

शारजा म्हटलं की आपल्या पिढीच्या मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे १९८६ मधला मियाँदादचा तो शेवटच्या चेंडूवरचा षटकार, आणि दुसरी १९९८ मधली सचिनची वाळूच्या वादळातली खेळी. पण इथल्या अमिराती सहकाऱ्याला शारजाबद्दल विचारून पाहा. तो क्रिकेटचं नावही काढणार नाही. तो सांगेल शारजा क्लबच्या फुटबॉलबद्दल, पांढऱ्या जर्सीबद्दल, आणि तेवीस वर्षांनी परत आलेल्या लीगच्या अजिंक्यपदाबद्दल. आपण ज्या देशात वीस-वीस वर्षं राहतो, त्या देशाचा खरा जीव फुटबॉलमध्ये अडकलेला आहे हे आपल्याला जरा उशिराच कळतं. आपल्या मुलांना मात्र ते आधीच कळलेलं असतं. आपल्या घरांत आता विकेंडला क्रिकेटच्या बरोबरीने फुटबॉल चालतो. एका खोलीत मँचेस्टर, दुसरीत लिव्हरपूल, आणि स्वयंपाकघरातून "जेवायला येताय की नाही?" अशी तिसरी आघाडी!

या सगळ्या गप्पांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. संघ ओळीने तीन सामने हरला की दहा वर्षांच्या मुलापासून साठीच्या काकांपर्यंत सगळे एकमताने म्हणतात, "कोचला काढा!" इंग्लंडमध्ये त्याला मॅनेजर म्हणतात, इथे अरबीत मुदर्रिब. नाव काहीही असो, गळा त्याचाच. पण कोच काढल्याने खरंच काही होतं का? की कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ? आपल्या या अमिरातीइतकी या प्रश्नाची प्रयोगशाळा दुसरीकडे क्वचितच मिळेल, म्हणून हा लेखप्रपंच.

साडेपाच महिन्यांचं राज्य

अगदी अलीकडच्या गोष्टीपासून सुरुवात करू. अल ऐन हा या देशातला सर्वांत यशस्वी क्लब. जांभळी जर्सी, आणि खजुराच्या झाडाच्या खोडावरून ज्याच्या दर्शनी भागाची कल्पना सुचली असं देखणं हझ्झा बिन झायेद स्टेडियम. नोव्हेंबर २०२३ मध्ये क्लबने आल्फ्रेड श्रॉयडर यांना हंगामाच्या मध्येच नारळ दिला आणि अर्जेंटिनाचे हर्नान क्रेस्पो यांना आणलं. पुढे जे घडलं ते अद्भुतच. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये अल ऐनने आधी रोनाल्डोच्या अल नस्रला पेनल्टी शूटआउटवर घरी पाठवलं. मग ओळीने ३४ सामने जिंकून जागतिक विक्रम केलेल्या अल हिलालला ४-२ ने हरवून तो विजयरथ अडवला. त्या सामन्यात सुफियान रहीमीने तीन गोल केले. अंतिम फेरीतला पहिला सामना जपानमध्ये योकोहामाने २-१ असा जिंकला होता. २५ मे २०२४ च्या रात्री अल ऐनमध्ये परतीचा सामना झाला आणि ५-१ अशा फरकाने करंडक एकवीस वर्षांनी पुन्हा अमिरातीत आला. क्रेस्पो त्या रात्री जवळपास देवच झाले होते.

आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला त्याच क्रेस्पोंना क्लबने निरोप दिला. आदल्याच दिवशी अल नस्रने अल ऐनला ५-१ ने धुतलं होतं. देवत्व टिकलं साडेपाच महिने. आपल्याकडे गणपती दहा दिवसांत विसर्जित होतो, पण निदान पुढच्या वर्षी लवकर या असं म्हणतो तरी!

बरं, पुढे काय झालं? क्रेस्पोंच्या जागी लिओनार्दो जार्दिम आले. जानेवारीत तेही गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्लादिमिर इविच आले. एका हंगामात तीन कोच. ज्या आशियाई स्पर्धेचे आपण विजेते, तिच्यातून संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला. जूनमध्ये अमेरिकेतल्या क्लब वर्ल्ड कपमध्ये युव्हेंटसकडून पाच आणि मँचेस्टर सिटीकडून सहा गोलांनी पराभव झाला. शेवटी मोरोक्कोच्या विदाद क्लबला २-१ ने हरवलं, एवढंच समाधान. आता गंमत बघा. श्रॉयडरना काढलं ते बरोबर ठरलं, क्रेस्पोंना काढलं ते मात्र कामी आलं नाही. औषध तेच, रोगीही तोच, गुण मात्र एकदाच आला. मग औषधाला श्रेय किती द्यायचं?

झगालो गेले, परेरा आले

हा खेळ इथे नवा नाही. जुन्या मंडळींना आठवत असेल, ऑक्टोबर १९८९ मध्ये सिंगापूरला झालेल्या पात्रता फेरीतून हा छोटासा देश पहिल्यांदा वर्ल्ड कपसाठी पात्र ठरला. त्या वेळी राष्ट्र म्हणून याला अजून अठरा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. संघात अदनान अल तल्यानी हा हिरो होता, आणि कोच होते ब्राझीलचे मारियो झगालो. खेळाडू म्हणून दोन वर्ल्ड कप, आणि १९७० साली कोच म्हणून तिसरा, असा हा माणूस. एवढं करूनही इटलीला जाण्यापूर्वीच त्यांना पदावरून दूर व्हावं लागलं. वर्ल्ड कपमध्ये संघाबरोबर गेले ते कार्लोस आल्बेर्तो परेरा. कोलंबियाकडून ०-२, पश्चिम जर्मनीकडून १-५ आणि युगोस्लाव्हियाकडून १-४ असे तिन्ही सामने संघ हरला. तरी जर्मनीविरुद्ध खालिद इस्माईलने मारलेल्या गोलाबद्दल इथले लोक अजून कौतुकाने बोलतात.

पुढची गोष्ट ऐका. अवघ्या चार वर्षांनी, १९९४ मध्ये ब्राझीलने वर्ल्ड कप जिंकला. तेव्हा कोच होते परेरा, आणि त्यांच्या शेजारी समन्वयक म्हणून बसले होते झगालो. म्हणजे इथे ज्याला काढलं तो आणि ज्याला आणलं तो, दोघांनी मिळून जग जिंकलं! तेव्हा इथून गेलेला कोच नालायक असतो, असं कोणी सांगितलं तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा. आणखी दोन उदाहरणंही देता येतील. झ्लात्को दालिच २०१६ मध्ये अल ऐनला आशियाई अंतिम फेरीत घेऊन गेले, पण हरले. जानेवारी २०१७ मध्ये ते इथून गेले, आणि दीड वर्षाने क्रोएशियाला वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्यात घेऊन उभे राहिले. इव्हान योव्हानोविच यांना तर डिसेंबर २०१९ मध्ये अमिरातीच्या राष्ट्रीय संघावर नेमलं आणि एप्रिल २०२० मध्ये, एकही सामना न खेळवता, मोकळं केलं. याच गृहस्थांच्या ग्रीसने ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनला वेम्ब्लीवर इंग्लंडला २-१ ने हरवलं.

बॅट बदलली म्हणून धावा झाल्या?

आता थोडं गणित. घाबरू नका, इंजिनीअरची सवय म्हणून दोनच परिच्छेद.

समजा एका चांगल्या फलंदाजाची सरासरी पन्नासची आहे. तो ओळीने तीन डावांत शून्यावर बाद झाला. चौथ्या डावात तो तीस-चाळीस धावा करण्याची शक्यता भरपूर आहे, कारण तो मुळात पन्नासच्या सरासरीचाच आहे. पण समजा चौथ्या डावाआधी त्याने बॅट बदलली. मग सगळे म्हणणार, बघा, नव्या बॅटने जादू केली! कोच बदलण्याचं नेमकं असंच आहे. कोचला काढतात कधी? संघ त्याच्या कुवतीपेक्षाही वाईट खेळत असतो तेव्हा. तिथून पुढे संघ साधारणपणे वरच जाणार. नवा कोच त्या वेळी फक्त बाकावर येऊन बसलेला असतो. अर्थात नव्याचे नऊ दिवस म्हणतात तसा उत्साहही असतोच.

बास टेर वेल नावाच्या डच अर्थतज्ज्ञाने हॉलंडच्या लीगच्या १९८६ ते २००४ या काळातल्या निकालांवर हाच हिशेब केला. ज्या क्लबांनी घसरणीच्या वेळी मॅनेजर काढला, त्यांची तुलना त्याने तशीच घसरण होऊनही मॅनेजर न काढणाऱ्या क्लबांशी केली. निष्कर्ष असा, की दोघेही जवळपास सारखेच सावरले. म्हणजे काढाकाढीचा खर्च वाया, मनस्ताप फुकट.

याचा अर्थ कोचला काही किंमतच नाही असा नव्हे. ब्रूनो मेत्सूंचं उदाहरण घ्या. २००२ च्या वर्ल्ड कपमध्ये सेनेगलला त्यांनी उपांत्यपूर्व फेरीत नेलं, पहिल्याच सामन्यात जगज्जेत्या फ्रान्सला हरवून. तिथून ते अल ऐनला आले आणि २००३ मध्ये पहिली आशियाई चॅम्पियन्स लीग या देशाला मिळवून दिली. मग राष्ट्रीय संघाला घेऊन जानेवारी २००७ मध्ये अबू धाबीला गल्फ कप जिंकला. वेगवेगळे संघ, वेगवेगळे खेळाडू, तरी निकाल चांगला, तेव्हा तिथे माणसाचा हात आहे असं मानायला जागा असते. एका सामन्यावरून किंवा एका महिन्यावरून ते ठरत नाही, इतकंच.

नाव मोठं, लक्षण...

दुबईतला अल वस्ल हा पिवळ्या जर्सीचा क्लब. २०११ च्या मे महिन्यात त्यांनी थेट दिएगो मॅरॅडोनालाच कोच म्हणून आणलं. सारं जग झबीलच्या स्टेडियमकडे बघू लागलं. साध्या लीग सामन्यांना परदेशी वार्ताहर येऊ लागले. पण संघ लीगमध्ये आठवा आला, करंडक एकही नाही, आणि जुलै २०१२ मध्ये मॅरॅडोना गेले. त्यांच्या जागी नेमले गेले तेच ब्रूनो मेत्सू. दुर्दैव असं, की काही महिन्यांतच त्यांना कर्करोग असल्याचं निदान झालं, काम सोडावं लागलं, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये ते वारले. अमिरातीतल्या फुटबॉलप्रेमींनी त्यांच्यासाठी मनापासून हळहळ व्यक्त केली.

त्यानंतर अल वस्लला लीग जिंकायला २०२४ साल उजाडावं लागलं. सतरा वर्षांनी मिळालेलं ते अजिंक्यपद, आणि जोडीला प्रेसिडेंट्स कपही. तेव्हाचे कोच मिलोश मिलोयेविच. खरं सांगा, वाचकांपैकी किती जणांनी हे नाव आधी ऐकलं होतं? मॅरॅडोनाचं नाव मात्र आपल्या आजीलाही माहीत. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आपल्या पूर्वजांनी फुटबॉल न बघताच करून ठेवली आहे.

आमचा इंजिनीअर

मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट मात्र महदी अली यांची. एक तर ते इथलेच, अमिराती. दुसरं म्हणजे शिक्षणाने आपले जातभाई, म्हणजे इंजिनीअर! त्यांनी कोवळ्या मुलांचा एक गट हाती घेतला. २००८ मध्ये १९ वर्षांखालील आशियाई अजिंक्यपद जिंकलं. २००९ मध्ये इजिप्तला २० वर्षांखालच्या वर्ल्ड कपची उपांत्यपूर्व फेरी गाठली. २०१० मध्ये ग्वांगझू एशियाडचं रौप्यपदक आणलं. २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिक गाठलं. मग तीच मुलं घेऊन ते मुख्य संघावर आले. २०१३ चा गल्फ कप जिंकला आणि २०१५ च्या आशियाई स्पर्धेत गतविजेत्या जपानला पेनल्टी शूटआउटवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. ओमर अब्दुलरहमान, अली मबखूत, अहमद खलील ही सगळी त्याच तालमीतली मुलं. नऊ वर्षं एक माणूस, एक गट, एक पद्धत. घर बांधताना पाया वाळेपर्यंत थांबावं लागतं, हे इंजिनीअरला वेगळं सांगावं लागत नाही.

मार्च २०१७ मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाकडून ०-२ असा पराभव झाला आणि महदी अलींनी राजीनामा दिला. तिथून एप्रिल २०२५ पर्यंतच्या आठ वर्षांत राष्ट्रीय संघावर नऊ नेमणुका झाल्या, त्यातही एका डच गृहस्थांची दोनदा. पाउलो बेंतो यांना तर मार्च २०२५ मध्ये उत्तर कोरियाविरुद्धचा सामना २-१ ने जिंकल्यावर काही तासांतच काढलं. त्यांच्या जागी आले कोस्मिन ओलारोयू. या देशातल्या क्लबांबरोबर भरपूर करंडक जिंकलेले, इथली नस न नस ओळखणारे. तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये बसऱ्याला, भरपाईच्या वेळेत अगदी शेवटी मिळालेल्या पेनल्टीवर इराकने सामना जिंकला आणि २०२६ च्या वर्ल्ड कपचं दार बंद झालं. नऊ नेमणुकांचा हिशेब शेवटी एका पेनल्टीवर येऊन थांबला.

शारजाचा किस्साही असाच. २०१८-१९ मध्ये क्लबने तेवीस वर्षांनी लीग जिंकली, तेव्हा कोच होते अब्दुलअझीझ अल अन्बरी, जे १९९६ च्या विजेत्या संघात स्वतः खेळले होते. घरच्या माणसाला वेळ दिला तर तो काय करतो, हे त्यातून दिसलं.

आपल्या मातीतलं

आपल्याकडेही हे नवीन नाही. गोव्याच्या डेम्पो क्लबवर आर्मांदो कोलासो दशकाहून अधिक काळ होते. त्या काळात डेम्पोने पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने डेरिक परेरांच्या हाताखाली २००५-०६ ची लीग जिंकली. दोघेही गोव्याचे, दोघांनाही वेळ मिळाला. पण कोच कितीही चांगला असो, घरच कोसळलं तर तो काय करणार? महिंद्राने २०१० मध्ये संघच बंद केला. २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दे गोवा, तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. तिथे "कोचला काढा" म्हणायलाही काही उरलं नाही. कोल्हापूरकरांचं बरं आहे. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात, आणि हरलं तर पेठेतल्या कट्ट्यावर त्याच रात्री हिशेब होतो. पण कोच बहुधा गल्लीतलाच. त्याला काढून पाठवणार कुठे?

भारतीय संघाचं भवितव्यही एकदा आपल्या डोळ्यांदेखत, इथेच ठरलं. जानेवारी २०१९ च्या आशियाई स्पर्धेत अबू धाबीला आपण थायलंडला ४-१ ने हरवलं, छेत्रीचे दोन गोल. यजमानांकडून ०-२ हरलो. शारजाला बहारीनविरुद्ध नुसती बरोबरी पुरे होती. एक्क्याण्णवाव्या मिनिटाला पेनल्टी गेली आणि सगळं संपलं. त्याच रात्री कोच स्टीफन कॉन्स्टंटाईन यांनी राजीनामा दिला. जागतिक क्रमवारीत १७० च्याही खाली असलेला संघ त्यांनी पहिल्या शंभरात आणला होता. चार वर्षांचं काम आणि एक मिनिट, यातलं आपल्या लक्षात काय राहिलं?

कॉन्ट्रॅक्टवरची माणसं

या विषयात मला एवढा रस का, असं कोणी विचारेल. कारण सरळ आहे. कोच हा आखातातल्या आपल्यासारखाच कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस आहे. व्हिसा नोकरीवर, नोकरी निकालावर, आणि निकाल पुष्कळदा आपल्या हातात नसलेल्या गोष्टींवर. फरक एवढाच, की त्याला काढताना मोठी भरपाई मिळते, आणि आपण पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवस आणि पुढे ३० दिवस अशी ग्रॅच्युइटी कागदावर मोजत बसतो.

मी पूर्वी एका बांधकामाच्या प्रोजेक्टवर होतो. ड्रॉइंग्ज मंजूर व्हायला चार महिने उशीर, साहित्य बंदरावर अडकलेलं, डिझाइन दोनदा बदललेलं. काम मागे पडलं, तेव्हा वरून निर्णय आला की प्रोजेक्ट मॅनेजर बदला. गृहस्थ आपल्याच बाजूचे, मुलगी दहावीत. महिन्याभरात घर रिकामं, फर्निचर मिळेल त्या भावात विकलेलं, मुलीची परीक्षा तोंडावर असताना शाळेची धावपळ. नवे मॅनेजर आले तोवर ड्रॉइंग्ज मंजूर झाली होती आणि साहित्य सुटलं होतं. काम भराभर पुढे गेलं. नव्या साहेबांचा सत्कार झाला, आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. नवे साहेब वाईट होते असं नाही, चांगलेच होते. पण जुन्यांची चूक कोणती, हा प्रश्न त्या हॉलमध्ये कोणी विचारला नाही.

म्हणून मुलांना फुटबॉल बघू द्या. आवडत्या क्लबवर जीव टाकू द्या. सर ॲलेक्स फर्ग्युसन १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आले आणि पहिला करंडक मिळाला १९९० मध्ये, हे त्यांना सांगा. अबू धाबीच्याच मालकांनी मँचेस्टर सिटीत मानचिनींना लीग जिंकल्याच्या बरोबर पहिल्या वाढदिवशी काढलं, आणि त्याच मालकांनी पुढे ग्वार्दिओलांना पहिल्या वर्षी एकही करंडक न मिळूनही ठेवलं. त्याचं फळ २०२३ मध्ये एकाच हंगामात तीन मोठ्या करंडकांनी मिळालं. हेही सांगा.

आणि पुढच्या वेळी टीव्हीसमोर कोणी "काढा याला" म्हणून ओरडलं, तर त्याला शांतपणे तीन प्रश्न विचारा. खेळाडू त्याने निवडले होते का? त्याला वेळ किती मिळाला? आणि त्याच्या जागी येणारा नेमकं काय वेगळं करणार आहे? तिन्हींची उत्तरं आली तर खुशाल काढू द्या. नाही आली तर त्याला चहा द्या, आणि दुसरा हाफ बघायला बसवा.